उतारवयातली शिकवणी
(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "मधुमेहावर चार शब्द बोला" म्हटले, तेव्हा मी म्हणाले, मी काही डॉक्टरीण नव्हे. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, चौदा वर्षे तो तुमच्या घरी मुक्कामाला आहे, तेच सांगा!" तर तेच सांगते.

वयाच्या ५८ व्या वर्षी मला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, "गोड बंद" म्हणाले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. दाराशी एवढी गर्दी, ते तरी काय करणार? मी लाडवांचा डबा फडताळात वर ठेवला आणि बिनसाखरेचा चहा पिऊन स्वतःवर खूष झाले. भात मात्र दोनदा वाढून घेत होते. भाताचीही साखरच होते, हे मला कोण सांगणार?

चौथ्या वर्षी आषाढी एकादशीला सकाळची गोळी नेमाने घेतली आणि उपास धरला. दुपारी देवघरात हात थरथरू लागले, दरदरून घाम सुटला, सूनबाई काय विचारते तेच कळेना. ती घाबरून म्हणाली, "आईंना उपास बाधला, पडू द्या जरा." शेजारच्या काकू धावत सरबत घेऊन आल्या. तेही बिनसाखरेचे, कारण मी मधुमेही ना! नशिबाने वरच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका ताई यंत्र घेऊन आल्या. आकडा निघाला ४८. त्यांनी साखरेचे पाणी पाजले तेव्हा मी माणसांत आले. पडून राहिले असते तर आज इथे बोलायला नसते.

त्या ताईंनीच मला एका धर्मादाय दवाखान्यातल्या वर्गाला नेले. तिथे कळले की माझी गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावणारी; ती घेऊन उपाशी राहिले तर साखर घसरणारच. उतारवयात मूत्रपिंडे मंदावली की काही औषधे अंगात रेंगाळतात, आणि साखर उतरल्याची लक्षणे "वयाचा थकवा" म्हणून खपून जातात. आकडा ७० च्या खाली गेला तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, मग काहीतरी खायचे. पण माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचे नाही, तडक दवाखाना गाठायचा. हे घरच्यांनाही ठाऊक हवे. म्हणून दुसऱ्या दिवशी सूनबाईलाही नेले. तळपाय रोज आरशात पाहायचे, हेही तिथलेच. पायांची संवेदना गेली की खडा टोचलेला कळत नाही. तीन महिन्यांच्या साखरेचा जो आकडा काढतात, तो धडधाकट माणसाला साताच्या आसपास हवा. थकलेल्या, पडण्याची भीती असलेल्या वृद्धाला आठापर्यंतही चालतो. माझ्या वयाला फार कडक पथ्यही घातक, हे ऐकून मला हायसे वाटले.

ही शिकवणी काही नवे खूळ नव्हे. बॉस्टनच्या डॉ. जोस्लिन यांनी रोग्यांसाठी मधुमेहाचे पुस्तक १९१८ मध्ये काढले. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये. म्हणजे औषधाआधी शिक्षण आले!

तरी वर्गात खुर्च्या बारा आणि आम्ही चौघी. "या वयात काय शिकायचे?" हे एक, आणि "सून सोबत येईल का?" हे दुसरे. दुसरे कारण मला खरे वाटते. माझी लेक अमेरिकेत असते. तिथे ६५ वर्षांवरील लोकांच्या सरकारी विम्यात पहिल्या वर्षी १० तासांची अशी शिकवणी मिळते, पुढे दरवर्षी २ तास. तरी तिचा लाभ घेणारे फार थोडे. डॉक्टरांनी चिठ्ठी द्यावी लागते, ती द्यायचे राहून जाते. म्हातारी माणसे आपणहून मागत नाहीत. आपल्याकडे तर मधुमेही १० कोटींवर आहेत असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या ताई येत्या मंगळवारी चार वाजता आपल्या सभागृहात यायला तयार आहेत. येताना चष्मा आणि गोळ्यांची पिशवी आणा. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी मला कळवा, मी आणि सूनबाई न्यायला येऊ.