मकरानचं मौन आणि आपला किनारा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

त्सुनामी म्हटलं की आपल्याला २६ डिसेंबर २००४ हा दिवस आठवतो. सुमात्रापाशी समुद्राचा तळ हलला आणि अनेक देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसं गेली. तमिळनाडूच्या आणि अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर हाहाकार उडाला. तेव्हा आपल्याकडे बरेच जण म्हणाले, हे पूर्वेकडचं दुखणं. आपला अरबी समुद्र पावसाळ्यात खवळतो तेवढाच, एरवी गुणी आहे. आज या समजुतीबद्दल बोलायचं आहे. मी काही भूगर्भशास्त्रज्ञ नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण पुढे काय होऊ शकेल याचा हिशेब शास्त्रज्ञ कसा मांडतात, हे आपण सगळ्यांनीच समजून घ्यावं असं मला वाटतं.

२८ नोव्हेंबर १९४५. पहाटे साडेतीनचा सुमार. बलुचिस्तानचा आणि इराणचा जो किनारा अरबी समुद्राला लागून आहे, त्याला मकरान म्हणतात. तिथल्या पसनी बंदराजवळ समुद्राखाली ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. पसनीची दैना झाली. आणि सकाळी सव्वाआठच्या सुमाराला पाणी मुंबईत शिरलं. वर्सोवा, जुहू, खारदांडा, हाजी अली. लाट सुमारे दोन मीटर, म्हणजे पुरुषभर उंच होती. मुंबईत पंधराएक माणसं वाहून गेल्याची नोंद आहे. तेव्हा आपला समुद्र अगदीच निरुपद्रवी नाही.

मग पुन्हा असं होण्याची शक्यता किती? हा हिशेब चार प्रश्नांवर उभा असतो.

पहिला प्रश्न, कुठे? प्रत्येक भूकंप त्सुनामी आणत नाही. १९६७चा कोयनेचा आणि १९९३चा किल्लारीचा भूकंप जमिनीवरचे, त्यांचा समुद्राशी संबंध नव्हता. समुद्राखालचा भूकंपही तळ वर-खाली उचलणारा असावा लागतो. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा प्रचंड भूकंप झाला, पण तिथे खडक आडवे सरकले, म्हणून लाट किरकोळ निघाली. मकरानला मात्र अरबी भूपट्ट उत्तरेकडच्या भूपट्टाखाली घुसतो आहे. वेग वर्षाला काही सेंटिमीटर, आपली नखं वाढतात साधारण तेवढा. दोन पट्टांच्या कडा एकमेकींत अडकतात, ताण साठत जातो आणि एक दिवस वरची कड झटक्यानं सुटते. तिच्यावरचा सगळा समुद्र त्या धक्क्यानं उचलला जातो.

दुसरा प्रश्न, किती मोठा? याचं उत्तर बरंचसं भेगेच्या लांबीवर असतं. मकरानचा पट्टा नऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. १९४५ मध्ये त्याच्या पूर्वेकडचाच एक तुकडा सुटला. पश्चिमेकडचा, इराणच्या बाजूचा भाग यंत्रांनी नोंदी घ्यायला लागल्यापासून जवळजवळ गप्प आहे. या मौनाचे दोन अर्थ निघतात. एक, तिथले खडक न अडकता हळूहळू सरकताहेत, म्हणून भीती नाही. दुसरा, ते घट्ट अडकलेत आणि ताण साठतो आहे. यातला खरा कोणता, यावर अजून एकमत नाही. सगळा पट्टा एकदम सुटला तर तीव्रता ९च्या घरात जाऊ शकेल, असे काही अंदाज आहेत. तीव्रतेत आठाचे नऊ झाले, की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते, हे लक्षात घ्या.

तिसरा प्रश्न, किती वेळा? यंत्रांच्या नोंदी जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांच्या. त्यामागचं वाचायचं तर जमीन उकरावी लागते. मोठी लाट समुद्रातली वाळू आणि शिंपले आत आणून टाकते आणि त्यांचा थर मातीत राहतो. जपानमध्ये इसवी सन ८६९ मध्ये अशी लाट आली होती. तिची वाळू सेंदाईच्या मैदानात संशोधकांना २०११ पूर्वीच सापडली होती, धोका त्यांनी सांगितलाही होता. त्याप्रमाणे किनाऱ्यावरची तयारी बदलण्याआधीच ११ मार्च २०११ उजाडला आणि १८ हजारांहून अधिक माणसं मरण पावली किंवा बेपत्ता झाली. पुरावा हाती होता, वेळेवर उपयोगात आला नाही.

आपल्या बाजूलाही असं वाचन सुरू आहे. ओमानच्या किनाऱ्यावर मोठमोठे दगड आत फेकलेले आढळले आहेत आणि सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या त्सुनामीशी त्यांचा संबंध जोडला गेला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या केळशीला, खाडीच्या तोंडाशी वाळूचा मोठा डोंगर आहे. तिथल्या थरांचा अभ्यास करून काही संशोधकांनी १५२४च्या त्सुनामीचा अंदाज बांधला. त्याच वर्षी वास्को द गामाच्या गलबतांना दाभोळजवळच्या समुद्रात हादरे बसल्याची पोर्तुगीज नोंद आहे. या पुराव्याबद्दल वाद होऊ शकतो. पण वाळूचे असे ढीग उपसून विकण्याआधी ते वाचून घेतलेले बरे.

चौथा प्रश्न, किनारा कसा आहे? खोल समुद्रात ही लाट विमानाच्या वेगानं, ताशी सहा-सातशे किलोमीटरनं धावते. उथळ पाण्यात तिचा वेग घटतो आणि उंची वाढते. मुंबईसमोर समुद्रतळ खूप दूरपर्यंत उथळ आहे, म्हणूनच १९४५ मध्ये लाटेला यायला पावणेपाच तास लागले. शिवाय भरती-ओहोटी आहे. दोन मीटरची लाट ओहोटीला आली तर कदाचित किनाऱ्यावरच विरेल. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला आली, तर तीच खाडीतून वस्तीत शिरेल. खाडीचं तोंड, खारफुटी, वाळूचे बांध, सगळ्यांचा यात हिशेब असतो.

या साऱ्यातून शेवटी एक आकडा निघतो आणि तोच आपण चुकीचा वाचतो. समजा, ‘पाचशे वर्षांतून एकदा’ असं उत्तर आलं. याचा अर्थ पाचशे वर्षं निश्चिंती असा नव्हे. अर्थ असा, की दर वर्षी पाचशेत एक शक्यता. ढोबळ हिशेबानं पन्नास वर्षांत ती शेकडा दहाच्या जवळ जाते. किनाऱ्यावर घर बांधणारा माणूस पन्नास वर्षांचाच विचार करत असतो.

तारीख कुणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण लाट निघाल्यावर ती कळते. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेत २००७ पासून त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र आहे. भूकंपानंतर दहाएक मिनिटांत तिथून पहिली सूचना निघू शकते. पसनीच्या माणसाला काही मिनिटंच मिळतील, त्यानं जमीन हलताच पळायला हवं. मकरानचा भूकंप कोकणात जाणवेलच असं नाही, पण कोकणाच्या हाती काही तास असतील. मात्र ते तास कोळीवाड्यातल्या शेवटच्या घरापर्यंत पोचले पाहिजेत. पाणी अचानक मागे हटलं तर मासे वेचायला पुढे जायचं नाही, उंचावर जायचं. एक लाट येऊन गेली म्हणून परतायचं नाही, मागची लाट मोठी असू शकते. खोल समुद्रात असलेल्या तांडेलानं बंदरात येण्याची घाई करायची नाही, बाहेरच थांबायचं.

हे शिकवता येतं. ओडिशातली वेंकटरायपूर आणि नोलियासाही ही दोन गावं २०२० मध्ये युनेस्कोच्या आयोगाकडून ‘त्सुनामीसाठी सज्ज’ म्हणून मान्यता पावली. गावाचा नकाशा, सुटकेच्या वाटांच्या पाट्या, ठरावीक काळानं सराव, अशा साध्या गोष्टी त्यासाठी कराव्या लागतात. त्याला फार मोठा पैसा लागत नाही. आपल्या बंदरपट्टीतल्या प्रत्येक ग्रामसभेत एक प्रश्न विचारायला हरकत नाही: रात्री दोन वाजता इशारा आला, तर आपण कुठल्या वाटेनं, कुठल्या टेकडीवर जायचं, आणि म्हाताऱ्या माणसांना कोण नेणार?