गाडी ठेवावी की विकावी?

(विहाराच्या मासिक प्रबोधन सभेत दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही वडीलधारी मंडळी हसली, ते आम्ही पाहिलं. "विहारात आता मोटारसायकलीवर भाषण होणार काय?" असं कुणीतरी मागून म्हणालं सुद्धा. पण आमच्या वस्तीत गेल्या दोन वर्षांत आम्हांला घरगुती भांडणं मिटवायला जेवढ्या वेळा बोलावणं आलं, त्यातली तीन भांडणं जुन्या गाडीवरून होती. मुलगा म्हणतो ठेवायची, आई म्हणते विकायची, आणि दोघंही रडतात. जो प्रश्न घरात अबोला धरायला लावतो, त्याच्यावर चारचौघांत बोललंच पाहिजे.

आम्ही काही इंजिनिअर नाही. आमची हयात साळखात्यात गेली. पण यंत्रावर माणसाचा जीव कसा बसतो, हे आम्हांला कुणी शिकवायला नको. आपला साचा कुठल्या वेळी कुरकुरतो, धोटा कुठे अडखळतो, हे कामगाराला आवाजावरून कळायचं. सुट्टीवरून आला की आधी साच्यावर हात फिरवायचा, मग शेजारच्याशी बोलायचा. तेव्हा "लोखंडावर कसलं प्रेम करता?" असं आम्ही कुणालाच म्हणणार नाही.

आता ज्या गाडीवरून ही भांडणं झाली, ती बहुतेक वेळा एकच, यामाहा आर. एक्स. 100. एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाबरोबर 1985 साली ती आपल्याकडे आणली आणि 1996 साली ती बंद झाली. इंजिन फक्त 98 सी.सी.चं, ताकद 11 हॉर्सपॉवर, आणि वजन सुमारे शंभर किलो. आकडे छोटे वाटतात. पण म्हणजे दर नऊ-साडेनऊ किलोला एक घोडा झाला की नाही? त्या काळी आपल्या रस्त्यावर स्कूटर धापा टाकत चढ चढायची, तिथे ही गाडी बाणासारखी सुटायची. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. म्हणून लहान इंजिन असूनही ती चपळ. श्रीमंतांची स्पोर्ट्स कार असते, तशी ही आपल्या चाळीतल्या माणसाची स्पोर्ट्स कार होती म्हणा ना!

तिचा दोषही सांगितला पाहिजे. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच जळतं. थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. तो निळा धूर कुणाच्या तरी छातीत जातो. 1996 आणि 2000 साली धुराचे नियम कडक झाले आणि अशा गाड्यांचे दिवस भरत आले. याच घराण्यातली आर. एक्स. 135 कशीबशी 2005 पर्यंत टिकली. आता नवीन मिळत नाही, म्हणून जुनीची किंमत वाढली. मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे देणारे शौकीन दारात येऊन उभे राहतात, आणि इथेच घरात ठिणगी पडते.

मोठ्या माणसांना हा प्रश्न पडत नाही, असं समजू नका. आपल्या मुंबईच्या सचिन तेंडुलकरचंच बघा. 2002 साली त्याने डॉन ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली, म्हणून त्याला लाल रंगाची फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. ती कुणाच्या हातून? तर शर्यतीचा बादशहा मायकेल शूमाकरच्या हातून. आठ सिलिंडर, सुमारे 400 हॉर्सपॉवर, वजन सुमारे चौदाशे किलो. त्या गाडीच्या आयात शुल्काच्या माफीवरून 2003 साली देशभर गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, शेवटी ते शुल्क फियाट कंपनीने भरलं. एवढं रामायण झालेली, एवढ्या मानाची गाडी! तीही त्याने 2011 साली सुरतच्या एका व्यापाऱ्याला विकली. का विकली, ते त्याचं त्याला माहीत. आपण एवढंच घ्यायचं की गाडी गेली म्हणून शतकं गेली नाहीत. 29 शतकं 29च राहिली, उलट पुढे 51 झाली.

आता वस्तीतल्या त्या तीन घरांपैकी एका घराचं सांगतो. नाव सांगणार नाही, त्यांची परवानगी घेऊनच बोलतो आहे. घरधनी वारले. मागे पत्नी, मुलगा, मुलगी आणि एक आर. एक्स. 100. गाडी बापाने पै पै जमवून घेतलेली. रविवारी सकाळी जुन्या बनियनने पुसायचे, मुलाला टाकीवर बसवून नाक्यापर्यंत फेरी मारायचे. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण सुरू, फीचा हप्ता तोंडावर. आणि गिऱ्हाईक आलं पुण्याहून, रोख पैसे घेऊन. आई म्हणाली, "देऊन टाक." पोरगा म्हणाला, "मला विका, पण गाडी विकू नका." दोन दिवस घरात चूल पेटली, पण जेवलं कुणी नाही.

आम्हांला बोलावलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच काय तो निकाल द्या." आम्ही म्हटलं, "वहिनी, निकाल द्यायला आम्ही कोण? आधी हिशेब मांडू." पोराकडून एक वही घेतली आणि तीन प्रश्न लिहिले. तेच तीन प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न : गाडी चालते की नुसती उभी आहे? पोराने प्रामाणिकपणे लिहिलं, सहा महिन्यांत अकरा वेळा बाहेर काढली. मित्रहो, यंत्र वापराने झिजतं हे खरं, पण नुसतं उभं राहून ते जास्त लवकर मरतं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून चिकट होतं, टाकीला आतून गंज धरतो, टायरला भेगा पडतात. टू-स्ट्रोकच्या क्रँकची ऑईल सीलं कडक झाली की इंजिन बाहेरची हवा ओढतं, गरम होतं आणि एक दिवस पिस्टन जाम. म्हणजे प्रेमापोटी जिन्याखाली झाकून ठेवलेली गाडी आपण आपल्या हाताने मारतो. ठेवायची असेल तर आठवड्याला चालवा, वेळच्या वेळी तेल घाला. ते जमत नसेल तर जो चालवील त्याला द्या.

दुसरा प्रश्न : ठेवायला खर्च किती? नुसतं पेट्रोल धरू नका. कायद्याने घरगुती गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 पासून 300 रुपयांवरून 1000 झाली, आणि 2025 साली वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढली. वर पर्यावरण कर, विमा, पी. यू. सी. आणि 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरपाटी. अस्सल सुटे भाग मिळता मिळत नाहीत, मिळाले तर सोन्याच्या भावाने. कुणी म्हणतं, आमची गाडी व्हिंटेज आहे. बाबांनो, 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज. पहिली आर. एक्स. 100 सुद्धा 2035 च्या आधी त्यात बसत नाही.

तिसरा प्रश्न : ही गाडी ठेवल्याने घरात कुणाची वाट अडते का? हा प्रश्न लिहिला आणि पोरगा गप्प झाला. आईने मान खाली घातली. आणि इतका वेळ कोपऱ्यात बसलेली मुलगी बोलली. ती म्हणाली, "काका, माझ्या फीसाठी गाडी विकायची म्हणतात. दादा म्हणतो, माझ्यामुळे बाबांची आठवण जाते. पण ही गाडी मला कुणी एकदा तरी चालवायला दिली का? बाबा माझेही होते ना?"

सभागृहातल्या भावांनो, हे वाक्य घरी घेऊन जा. आपण वारसा म्हणतो, आठवण म्हणतो, आणि चावी मात्र मुलाच्याच खिशात ठेवतो. विकायची वेळ आली की दोष मुलीच्या माथी. मुलीचं शिक्षण म्हणजे घरावर पडलेला खर्च, आणि मुलाचा शौक म्हणजे बापाची आठवण, हा कुठला हिशेब? समतेची भाषणं आपण व्यासपीठावरून ठोकतो. ती जिन्याखालच्या गाडीपर्यंत पोचली पाहिजेत.

त्या पोराचं कौतुक असं की तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला मैदानावर घेऊन गेला. चोक कसा ओढायचा, किक कशी मारायची, क्लच कसा हळू सोडायचा, सगळं दाखवलं. महिनाभर भाऊ-बहीण मैदानावर जात होते. हप्त्याची मुदत तिने कॉलेजात अर्ज करून वाढवून घेतली. महिन्याअखेरी तिघं परत बसले आणि यावेळी पहिला शब्द मुलीला दिला. ती म्हणाली, "विकू या. माझ्यावर उपकार म्हणून नको. मला रात्रपाळीला जायला असली गाडी सोयीची नाही, दादाला चालवायला वेळ नाही, आणि ती सडलेली आपल्याला बघवणार नाही." पोरगा म्हणाला, "मंजूर." वहिनींनी डोळे पुसले.

आता विकताना काय करायचं, तेही ऐका, कारण इथेच आपली माणसं फसतात. गाडी वडिलांच्या नावावर होती. मालक वारला की तीस दिवसांत आर. टी. ओ.ला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. त्यानंतर विकायची. विकताना फॉर्म 29 आणि फॉर्म 30. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून चावी देऊन मोकळे होऊ नका. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की आर. टी. ओ.च्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक. त्या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत गेली होती. पुढे अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी कागदावर नाव राहिलेल्या पहिल्या मालकावर आली. तेव्हा नाव बदललेलं नवीन आर. सी. बुक डोळ्यांनी बघेपर्यंत व्यवहार पुरा झाला समजू नका.

या घराने पुण्याच्या गिऱ्हाइकाला गाडी दिली नाही. त्याला ती दिवाणखान्यात मांडून ठेवायची होती. शेजारच्या वस्तीतल्या एका मेकॅनिकला दिली. पैसे थोडे कमी आले, पण फीचा हप्ता भागला, आणि तो माणूस रोज गाडी चालवतो. कधी कधी आमच्याच गल्लीतून जातो. आवाज आला की वहिनी खिडकीत येतात.

म्हणजे सगळ्यांनी विकाच, असं आमचं सांगणं नाही. बाकीच्या दोन घरांपैकी एका घराने गाडी ठेवली. तिथे बाप-लेक दोघं मिळून तिची देखभाल करतात, त्या निमित्ताने बोलतात, खर्च झेपतो आणि कुणाची वाट अडत नाही. तिथे आम्ही म्हटलं, खुशाल ठेवा. तिसऱ्या घरी मात्र अजून भांडण चालू आहे. ती मंडळी आज इथेच बसली आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर वही काढावी.

शेवटी एकच सांगतो. गिरण्या बंद पडल्या तेव्हा आमचे साचे तोडून भंगारात वजनावर विकले गेले. ज्या यंत्रावर आम्ही घाम गाळला, ते ठेवायचं की विकायचं, हे आम्हांला कुणी विचारलं नाही. मालकाने ठरवलं आणि ट्रक भरले. तो सल आजही जात नाही. आपल्या घरात आपण तसे मालक होऊ नये. गाडी असो, दागिना असो, गावाकडची पडवी असो, निर्णय कोणताही होवो, घरातल्या प्रत्येकाला विचारून होवो. धाकट्यांना आणि मुलींना आधी विचारा. विचारून घेतलेल्या निर्णयाचं दुःख झालं तरी सगळे मिळून सोसतात.