रानची विद्या कोणाच्या नांवावर?

(ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळीं शाळेच्या पडवींत झालेलें भाषण)

बंधुभगिनींनो, आणि विशेषेंकरून ठाकरवाडीहून व कातकरवाडीहून चालत आलेल्या वडील मंडळींनो,

उद्यांच्या ग्रामसभेपुढें एक वही येणार आहे. तिला लोकजैवविविधता नोंदवही म्हणतात. गांवच्या शिवारांत व रानांत कोणतीं झाडें, कोणते मासे, कोणतीं पांखरें आहेत, आणि कोणता पाला कोणत्या दुखण्यावर चालतो, हें तींत लिहावयाचें असतें. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें हें काम प्रत्येक ग्रामपंचायतीच्या समितीचें आहे. कल्पना उत्तम, माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं कायद्याच्या आधींच ती करून दाखविली होती. पण २०१९ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें दंडाची तंबी दिली, आणि ठिकठिकाणीं वह्या भरण्याची एकच घाई उडाली. आमच्याकडील वहीही त्याच घाईंतली. तींत गुळवेल आहे, कुडा आहे, निर्गुडी आहे, अडुळसा आहे. आणि माहिती देणाराच्या रकान्यांत पानामागून पान एकच शब्द आहे, 'ग्रामस्थ'.

हे ग्रामस्थ कोण? पाटील? दुकानदार? कीं आम्ही मास्तर? आमचें शिक्षण पुस्तकांत झालें. कुड्याची साल केव्हां काढावी आणि किती काढिली म्हणजे झाड जगतें, हें आम्हांस वाडीच्या पोरांनीं शिकविलें, आणि त्यांस त्यांच्या आजीनें. तिचें नांव वहींत नाहीं. आतां वही दुरुस्त करावयाचें ठरलें आहे, तर वाडींतले वडील म्हणतात, कांहीं सांगूं नका. तरणे म्हणतात, सांगून मोकळे व्हा. दोघांनींही आमचें मत विचारलें, म्हणून हे चार शब्द.

केरळांत तिरुवनंतपुरमच्या पुढें अगस्त्यकूटाचे डोंगर आहेत. तेथें काणी नांवाची आदिवासी जमात राहते. १९८७ मध्यें शास्त्रज्ञांची एक तुकडी वनस्पतींच्या शोधार्थ त्या डोंगरांत गेली. वाटाडे काणी होते. चढणीवर शास्त्रज्ञांची दमछाक झाली. वाटाडे मात्र मधून मधून एक लहानसें फळ तोंडांत टाकीत आणि ताजेतवाने पुढें चालत. काय खातां, असें विचारल्यावर त्यांनीं प्रथम सांगावयाचें नाकारलें. हें जमातीचें गुपित, बाहेर द्यावयाचें नाहीं. फार आर्जवें केल्यावर त्यांनीं रोप दाखविलें. त्याला तिकडे आरोग्यपच्च म्हणतात, म्हणजे आरोग्य देणारी हिरवाई.

पालोड येथील वनस्पतीउद्यान संस्थेनें, डॉ. पुष्पांगदन यांच्या देखरेखीखालीं, त्या रोपावर काम केलें. काणी खात होते फळ. संस्थेनें पानांतही गुण शोधले, त्यांत अश्वगंधा, पिंपळी व विष्णुक्रांता घालून 'जीवनी' नांवाचें शक्तिवर्धक औषध बनविलें, आणि १९९५ मध्यें तें कोइमतूरच्या एका औषधी कारखान्यास सात वर्षांच्या करारानें दिलें. दहा लाख रुपये रोख, शिवाय विक्रीवर शेंकडा दोन रुपये. यांतील निम्मा वांटा काणींचा, असें संस्थेनें आपण होऊन ठरविलें. तेव्हां देशांत तसा कायदा नव्हता. ही गोष्ट मोठ्या मनाची, हें आम्ही मोकळेपणानें म्हणतों. १९९७ मध्यें काणींचा विश्वस्त निधी नोंदला गेला, १९९९ मध्यें त्याच्या खात्यांत पांच लाखांहून अधिक रुपये पडले, आणि जगभर या व्यवहाराची वाहवा झाली.

आतां दुसरी बाजू ऐका. करार झाला तो संस्था आणि कारखाना यांच्यांत. काणींची सही त्यावर नव्हती. ज्या पंचायतींतले वाटाडे, तिकडच्या काणींस लाभ झाला. इतर पंचायतींतले काणी म्हणूं लागले, विद्या सगळ्यांची, मग आम्हांस कोणीं विचारलें? त्यांचे जे वैद्य, ज्यांस प्लाथी म्हणतात, त्यांपैकीं कांहींनीं तर विद्या विकण्यासच हरकत घेतली. पुन्हा हें रोप रानाच्या सावलींतच नीट वाढतें, आणि रान वनखात्याचें. खात्यानें पानें तोडण्यास मनाई केली, तेव्हां कारखान्यास माल पुरेना. ज्यांनीं गुपित सांगितलें, तेच काणी रोप तोडतांना चोर ठरण्याची पाळी आली! इकडे ही ओढाताण चालली असतां अमेरिकेंतील एका कंपनीनें 'जीवनी' हें नांवच आपल्या नांवें नोंदवून घेतलें.

हें ऐकून वडील म्हणतील, पाहा, आम्ही तेंच सांगत होतों. थांबा. १९९५ मध्येंच जखमेवर हळद लावण्याचें पेटंट अमेरिकेंतील एका विद्यापीठाच्या नांवें झालें होतें. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या संशोधन परिषदेनें जुने ग्रंथ व छापील लेख पुढें ठेविले, आणि १९९७ मध्यें तें रद्द झालें. चुलीजवळच्या प्रत्येक बाईस हळदीचा हा गुण ठाऊक होता. परंतु कचेरींत साक्ष चालली ती कागदाची. जें कोठेंच लिहिलेलें नाहीं, तें उद्यां दुसरा आपलें म्हणून लिहील आणि वाडीजवळ पुरावा राहणार नाहीं. शिवाय पोरें कामधंद्यास शहरांत गेलीं; आजी गेली कीं विद्याही गेली.

पण नुसतें लिहूनही भागत नाहीं. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायांत म्हटलें आहे कीं, शेळ्यामेंढ्या व गाई राखणारे आणि रानांत राहणारे लोक औषधी नांवारूपानें ओळखतात. लगेच पुढें ग्रंथकार बजावतो कीं नुसत्या ओळखीनें कोणी जाणता होत नाहीं, उपयोग जाणेल तो खरा. जणूं रानांतला माणूस उपयोग न जाणतांच पाला खुडीत होता! ही वांटणी जुनी म्हणावी, तर तिची सावली नव्या कायद्यांतही पडली आहे. २०१८ मध्यें उत्तराखंड उच्च न्यायालयानें निकाल दिला कीं देशी कंपन्यांनींही रानच्या मालावरील लाभाचा वांटा दिला पाहिजे. पांच वर्षांत, २०२३ मध्यें, कायदा दुरुस्त झाला, आणि सरकारमान्य ग्रंथांतलें ज्ञान वापरणारांस व नोंदलेल्या वैद्यांस त्या देण्यांतून सूट मिळाली. त्या ग्रंथांत तें ज्ञान कोणाच्या तोंडून आलें, हें कोणी विचारीत नाहीं.

नांव लिहिणें अशक्य असतें असेंही नाहीं. १६७८ पासून ऍमस्टरडॅमला छापलेल्या 'होर्तुस मलबारिकुस' या मलबारी वनस्पतींच्या बारा खंडी ग्रंथांत इट्टी अच्युतन या एळवा जातीच्या वैद्याची साक्ष त्याच्या नांवानिशीं छापली आहे. डच अंमलदारास जें सुचलें तें आमच्या समितीस सुचूं नये?

तेव्हां आमचें म्हणणें असें कीं वाडीनें सांगावें, पण अटीवर. 'ग्रामस्थ' हा शब्द खोडून सांगणाऱ्या बाईचें वा पुरुषाचें नांव व वाडी लिहावी, आणि कोणत्या शर्तीवर सांगितलें तेंही लिहावें. जें वडिलांस गुप्त ठेवावयाचें असेल, त्यापुढें 'वाडीकडे आहे' एवढेंच लिहावें. संमती एकादोघांची नको. दोन्ही वाड्यांनीं बसून द्यावी, नाहींतर काणींसारखी फूट घरांत शिरेल. आणि २००६ चा वनहक्क कायदा बरोबर आणावा. गौण वनोपजाची मालकी आणि पारंपरिक ज्ञानावरील समूहाचा हक्क, दोन्ही त्यांत लिहिले आहेत. गडचिरोलींतल्या मेंढा-लेखा गांवानें २००९ मध्यें सामूहिक वनहक्क मिळविला. रानावर हक्क नसेल तर विद्येवरचा हक्क किती पांगळा, हें काणींनीं भोगलें आहे.

एक गोष्ट स्पष्ट बोलतों, रागावूं नका. वाडींतलें सर्वच औषध खरें, असें आम्ही म्हणत नाहीं. साप चावला तर मुळी उगाळीत बसूं नये. माणसास सरळ सरकारी दवाखान्यांत न्यावें, तेथें सापाच्या विषावरची लस असते.

ग्रामसभा अकराला आहे. ज्या आजींस लिहितां येत नाहीं, त्यांनीं आपल्या बोलींत सांगावें. वरच्या वर्गांतलीं पोरें तसेंच्या तसें उतरून घेतील आणि मोठ्यानें वाचून दाखवितील. वाचून झाल्यावांचून कोणीही अंगठा उठवूं नये.