बोस्टनच्या मंडईचा जीर्णोद्धार



जुनी मंडई पाडावी की राखावी, हा प्रश्न बहुतेक जुन्या शहरांपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. अमेरिकेतील बोस्टन शहराने त्याला दिलेले उत्तर पुढे अनेक नगरांनी गिरविले. सर्वांनाच ते मानवले असे मात्र नाही.

महापौर जोसाया क्विन्सी यांच्या पुढाकाराने 1824 ते 1826 या काळात, बंदरालगत भराव घालून, ही मंडई उभी राहिली. अलेक्झांडर पॅरिस हे तिचे वास्तुशिल्पी. मध्ये 535 फूट लांबीची ग्रॅनाइटची दुमजली इमारत, तिच्या दर्शनी बाजूंना ग्रीक देवालयासारखे स्तंभ, माथ्यावर घुमट. आणि दोन्ही अंगांना वखारींच्या व दुकानांच्या लांब ओळी. सव्वाशे वर्षे शहराचे मांस, लोणी, भाजीपाला येथूनच जात असे. पुढे घाऊक व्यापार मालमोटारींवर आला. अरुंद गल्ल्यांत त्या वळेनात, आणि व्यापारी एकेक करून शहराबाहेरच्या प्रशस्त बाजारांकडे निघून गेले. वरचे मजले ओस पडले.

त्या काळी बोस्टनमध्ये पाडापाडीचा जोर होता. वेस्ट एंड ही गजबजलेली वस्ती 1950 नंतरच्या दशकाअखेर भुईसपाट झाली. स्कॉले चौकाच्या जागी सरकारी कचेऱ्यांचे संकुल आले. मंडईही त्याच वाटेने गेली असती. ती वाचली, याचे श्रेय प्रथम जतनाचा आग्रह धरणाऱ्यांना, आणि नंतर बेंजामिन थॉम्प्सन हे वास्तुशिल्पी व जेम्स राउस हे बांधकाम-व्यावसायिक यांना द्यावे लागते.

डागडुजी कशी करावी यावरच मतभेद होता. बाजूच्या इमारतींवर दीडशे वर्षांत वाढीव मजले चढले होते. ते उतरवून 1826 चे रूप परत आणावे, असे एक मत. काळाने घातलेली भरही इतिहासच आहे, तीही राहू द्यावी, असे थॉम्प्सन यांचे म्हणणे. दर्शनी बाजूंपुरते पहिले मत मान्य झाले. थॉम्प्सन यांचा विचार अधिक प्रगल्भ होता, असे म्हणावेसे वाटते. त्यांनी घुमटाखालची जमीन मध्यभागी उघडली, तेव्हा तळमजल्यावरच्या माणसालाही तो घुमट दिसू लागला. बाजूंना काचेची छपरे चढविली.

खरी अडचण पैशाची होती. मोठे नावाजलेले दुकान नाही, मोटारी लावण्यास पुरेशी जागा नाही. मग गिऱ्हाईक येणार कोठून, ही पेढ्यांची शंका. नगराने जमीन विकली नाही. वर्षाला 1 डॉलर नाममात्र भाड्याने 99 वर्षांचा पट्टा दिला आणि गाळ्यांच्या उत्पन्नात आपला हिस्सा ठेवला. बाजूच्या इमारतींत खाली दुकाने व वर कार्यालये अशी मांडणी झाली. जवळच्या कचेऱ्यांतले हजारो नोकर दुपारच्या जेवणाला पायी येतील, हा हिशेब मोटारींच्या हिशेबापेक्षा खरा ठरला.

26 ऑगस्ट 1976 रोजी, मूळ उद्घाटनाला बरोबर 150 वर्षे होत असता, मधली इमारत खुली झाली. पुष्कळ गाळे तेव्हा रिकामेच होते. ते उणेपण झाकण्यासाठी कारागिरांना ढकलगाड्या देण्यात आल्या, आणि निकडीपोटी निघालेली हीच युक्ती पुढे जगभरच्या बाजारांनी उचलली. पहिल्या वर्षी सुमारे 1 कोटी माणसे येऊन गेली.

पण येणारी माणसे कोण होती? जुने खाटीक आणि लोणी-पनीर विकणारे यांपैकी काही जण आरंभी टिकून होते. भाडी वाढत गेली, तसे तेही पांगले. त्यांच्या जागी तयार खाद्यपदार्थ आणि प्रवाशांसाठी भेटवस्तू आल्या. आठवड्याचा बाजार करायला येणारी गृहिणी येथे दिसेनाशी झाली. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली डर्जिन-पार्क ही खानावळही 2019 साली बंद पडली. इमारत वाचली, ज्यांच्यासाठी ती बांधली होती, ते गेले.

राउस यांनी हाच घाट बाल्टिमोरच्या बंदरावर 1980 साली आणला आणि तो कित्येक वर्षे चालला. टोलीडो या लहान औद्योगिक नगरात 1984 साली तसाच बाजार उभारला गेला. तेथे ना कचेऱ्यांची दाटी होती, ना पायी फिरणारी वस्ती. 1990 साली त्याचे दरवाजे लागले.