फोनच्या पलीकडच्या बाजूला
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून निम्म्या वर्गाने मला एकच प्रश्न विचारलाय. "तू त्या एकशे आठमध्ये नक्की काय करतेस गं? गाडी चालवतेस का?" गाडी मी चालवत नाही. मी पुण्यातल्या केंद्रात सुपरवायझर आहे. तुम्ही १०८ लावता तेव्हा जो आवाज येतो, त्याच्या मागच्या खुर्चीत मी बसते.

आपल्या राज्यात ही सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ गाड्यांत अत्यवस्थ रुग्णासाठीची जादा साधनं आणि ७०४ साध्या, पण डॉक्टर प्रत्येक गाडीत. फोन राज्याच्या कुठल्याही कोपऱ्यातून येवो, तो आमच्या खोलीत वाजतो. एक जण फोन घेतो, दुसरा गाडी निवडून पाठवतो, आणि गरज पडली तर केंद्रातला डॉक्टर फोनवरच काय करायचं ते सांगतो. या सगळ्यांवर लक्ष ठेवणं हे माझं काम. कुणाचा फोन लांबतोय, कुठल्या तालुक्यात गाडी उरलेली नाही, फोन घेणाऱ्या मुलीचा आवाज कापतोय का, हे सगळं मी पाहते आणि ऐकते. एखाद्या वाईट फोननंतर त्या मुलीला दहा मिनिटं चहाला पाठवणं हेही माझंच काम.

लोकांचा आमच्यावर राग असतो की ही माणसं प्रश्नच फार विचारतात. घरात माणूस पडलेला असताना "गाव कोणतं, तालुका कोणता, जवळची खूण काय" हे ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. पण एक लक्षात घ्या. ठिकाण कळलं की पलीकडचा माणूस गाडी काढायला सांगतो, आणि आमचे पुढचे प्रश्न चालू असताना गाडी रस्त्याला लागलेली असते. श्वास चालू आहे का, रक्त किती गेलं, हे प्रश्न गाडीतल्या डॉक्टरसाठी असतात. म्हणून फोन ठेवू नका.

आता आपल्या भागाचं बोलते. "राजपूरहून बोलतोय" असा फोन आला, आवाज तुटक. राजपूर आपल्या आंबेगावात, राजुरी जुन्नरमध्ये आणि राजूर अकोल्यात. विदर्भातून आलेल्या मुलीला हे तिन्ही सारखेच ऐकू येतात. कुणी नुसतं "आंबेगाव" म्हणतं. पुण्यात कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक आहे. आणि आपल्या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते आंबेगाव तर डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. घोडेगाव म्हणाल तर एक आपलं आणि एक नगर जिल्ह्यात नेवाशाकडे. मोबाईलचं ठिकाण टॉवरवरून अंदाजे कळतं, पण आपल्याकडे टॉवर एका खोऱ्यात आणि माणूस दुसऱ्या खोऱ्यात. म्हणून आमच्याकडे ऐकलेलं नाव पुन्हा म्हणून दाखवायचं, तालुका विचारायचा, मगच गाडी, हा नियम आहे. मराठीच्या बाई श्रुतलेखनात प्रत्येक वाक्य दोनदा का म्हणायच्या, ते मला आता कळतं.

या कामातला सगळ्यात अवघड भाग गाडी पाठवण्याचा नाही, गाडी गेल्यानंतरचा आहे. समजा श्रावणी सोमवार आहे. भीमाशंकरला गर्दी, पाऊस, धुकं. तिथल्या एका यात्रेकरूच्या छातीत दुखतंय म्हणून खोऱ्यातली गाडी त्याला घेऊन मंचरकडे निघाली. हा साठेक किलोमीटरचा घाटरस्ता. ती परत येईपर्यंत तळेघरच्या वरच्या वाडीतली बाळंतीण कुणाच्या भरवशावर? अशा वेळी शेजारची गाडी आधीच पुढे सरकवून ठेवावी लागते, आणि ती सरकवली की तिचा भाग उघडा पडतो. नकाशावर हा ठिपक्यांचा खेळ दिसतो. मी या मातीतली असल्यामुळे मला त्या ठिपक्यांमागे घरं दिसतात. म्हणूनच कुठल्याही ठिपक्याला झुकतं माप द्यायचं नाही, हे मला रोज स्वतःला बजावावं लागतं.

आणि माळीण. सेवा सुरू होऊन सहा महिने झाले होते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. इथे बसलेल्या कितीतरी जणांची नात्यातली माणसं त्यात होती, त्याबद्दल मी अधिक बोलणार नाही. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. ती बातमी बाहेरच्या जगाला कळली ती एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या रस्त्याने जाताना नेहमीचं गाव त्याला दिसेना. आमचं सगळं तंत्र फोन येण्यावर उभं आहे. ज्या गावाला फोन करता येत नाही, त्याच्यासाठी त्या वाटेने जाणाऱ्याने फोन करायचा असतो. "दुसऱ्या कुणीतरी केला असेल" असं म्हणून पुढे जाऊ नका. एका घटनेचे दहा फोन आले तरी आम्हाला त्रास होत नाही.

थोडं कामाचं सांगते, कारण आवणी जवळ आली आहे. खाचरात साप चावला तर पाय करकचून बांधू नका, कापू नका, चोखू नका, माणसाला चालवू नका. पाय न हलवता त्याला निजवा आणि फोन करा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते, त्यामुळे साप पकडून आणायच्या भानगडीत पडू नका. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत हेच वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. भगताकडे गेलेला तास परत मिळत नाही. माणूस कोसळला आणि श्वास थांबला तर छातीच्या मधोमध, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, जोरात दाबत राहा. आमचा माणूस फोनवर मोजत राहील. आणि पोलीस किंवा अग्निशमन हवं असेल तर ११२ लावा.

शेवटी आपल्या बॅचकडे एक मागणं आहे. आज देणगी जमतेय, शाळेला पंखे आणि संगणक मिळतील, ते चांगलंच आहे. त्यासोबत एक बिनपैशाचं काम करू. आपल्यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या वाडीचा आहे. आपापल्या वाडीचं नेमकं नाव, ग्रामपंचायत, तालुका, कुठल्या फाट्यावरून आत वळायचं, गाडी कुठपर्यंत येते आणि मोबाईलला रेंज कुठल्या दगडावर मिळते, एवढं एका कागदावर लिहा. तो कागद वाडीतल्या शाळेत, अंगणवाडीत आणि दुकानात लावा. फाट्यावर बॅटरी घेऊन कोण उभं राहणार, हेही आधीच ठरवा. पूर्वी आपल्याकडे या माळावरून त्या माळावर हाक मारायचे, आणि ऐकणाऱ्याला आवाजावरून कळायचं की कुणाच्या घरात काय झालंय. आम्हाला आवाजावरून घर कळत नाही. ते तुम्ही सांगायचं.

आठवीतल्या मुलांकडून हे करून घ्यायला भूगोलाचे सर तयार झाले आहेत, आत्ताच जेवताना विचारलं. पावसाळ्याआधी पहिले कागद लागावेत एवढीच इच्छा.