अंगणातली दुर्बीण

घरी नवी दुर्बीण आली की पहिला मान चंद्राला द्यावा. पण पौर्णिमेच्या नव्हे, शुद्ध अष्टमीच्या आसपासच्या. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात आणि विवरांचे कडे उठून दिसतात. त्याआधी दिवसाउजेडी लांबच्या टॉवरवर शोधक दुर्बीण जुळवून घ्या. सूर्याकडे मात्र चुकूनही रोखू नका.

सुरुवात कमी वर्धनाच्या, म्हणजे २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने करा. वर्धन वाढवलं, की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रह बघता बघता नजरेबाहेर सरकतो.

मग गुरू शोधा. त्याच्याजवळचे चार ठिपके म्हणजे गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले चंद्र. वहीत त्यांच्या जागा टिपत चला. त्यांतला आयो सुमारे पावणेदोन दिवसांत फेरी पुरी करतो. त्याची हालचाल काही तासांतही ओळखता येते.