शिवी फिर्यादीत लिहायची कशी?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



शिव्यांचा विषय निघाला की आपण तोंडाला पदर लावतो. आज तो बाजूला ठेवू या.

'रांड' हा शब्द घ्या. मूळ अर्थ विधवा, एवढाच. 'रंडकी' आजही त्याच अर्थाने ऐकू येतं. नवऱ्याचा धाक नसलेली बाई वाह्यातच असणार, हा समज त्या शब्दाला चिकटला आणि त्याची शिवी झाली. 'बटीक' म्हणजे गुलाम बाई. पेशवाईत अशा बायकांची खरेदी-विक्री होई. ती गुलामी कायद्याने गेली, शिवी राहिली. बाळाचं नशीब लिहिणारी सटवाईसुद्धा यातून सुटली नाही!

१९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, २०११मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. आता ग्रामसभेत सरपंच बाई नळयोजनेचा हिशेब मागते. मागून कुणी तिच्या चारित्र्यावर एक शब्द फेकतो. सभा हसते. बाई स्वतःची अब्रू सांगत बसते आणि हिशेब बुडतो. शिवीचं कामच ते.

कायदा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७९, पूर्वीचं ५०९. तीन वर्षांपर्यंत कैद. दलित, आदिवासी बाईला चारचौघांत जातीवरून अपमानित केलं तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. पण फिर्यादीत शब्द जसाच्या तसा लागतो. बायका लाजून 'घाणेरडं बोलला' एवढंच सांगतात आणि केस लंगडी पडते. म्हणून म्हटलं, पदर बाजूला ठेवा. शब्द, वेळ, कोण कोण ऐकत होतं, सगळं त्याच दिवशी लिहून काढा. आणि सभेत? हिशेबाचा प्रश्न पुन्हा विचारा, तो इतिवृत्तात येईपर्यंत खाली बसू नका.

आता थोडं आपल्याकडे. पाण्याचा मोर्चा निघतो, अधिकारी दाद देत नाही, की बायकाच त्याला बांगड्यांचा आहेर करतात. राजकीय पक्षांचं तर हे ठरलेलंच. फोटोही छापून येतो. पण त्या बांगडीचा अर्थ काय? तू नामर्द, म्हणजे तू बाईसारखा! मैलभर हंडे वाहणाऱ्या हातातली बांगडी नालायकीची खूण कशी झाली? (मोर्चातल्या विधवा बाईला तर अनेक गावांत ती घालूही देत नाहीत.)

पुढच्या मोर्चात त्या साहेबाच्या टेबलावर रिकामा हंडा ठेवा आणि टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही मागा.